पलीकडं आक्का हाय

सकाळी सहा ते सात आप्पांच्या बॅडमिंटनच्या कोर्टवर जाळीच्या पलीकडं कुणी पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. संध्याकाळी ठेवा, धावा, लोळा, कुणी विचारत नव्हतं. सकाळचा तास मात्र ती बाजू आक्काची. पहिल्या दिवशी मी, अकरा वर्षांची, नव्या बुटांची ऐट मिरवत सरळ पलीकडं चालू लागले, तर आप्पा "थांब" म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की ते ओरडले असते तर मी कमी घाबरले असते.

"तिथं आक्का हाय. अंगावर जाशील तिच्या."

मी बघितलं. सिमेंटचा कोबा होता, चुन्याच्या रेघा होत्या आणि पलीकडच्या खांबाच्या पायाशी एक पितळी पेला होता. पेल्यातून वाफ निघत होती. बाकी काही नव्हतं.

ती जागा म्हणजे निपाणीतली तंबाखूची एक जुनी वखार. आप्पांनी उभी हयात तिथं तंबाखू पारखली. पोत्यात हात घालायचा, चिमूट नाकाशी न्यायची आणि माल कुठल्या रानातला, पाणी कधी लागलेला, ते सांगून टाकायचं. मालकांनी धंदा दुसरीकडं हलवला आणि किल्ली आप्पांकडं राहिली ती कुणी परत मागितलीच नाही. आप्पांनी पोती हलवली, कोबा घातला, जाळी बांधली. भिंतींतला वास मात्र गेला नाही. रोज छपरावरून तांबूस भुकटी खाली बसायची आणि नवीन आलेलं पोर पहिले आठ दिवस शिंकत शिंकत खेळायचं. मी शिंकले नाही. माझी आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची, तो वास मला घरचाच होता. आप्पांनी सकाळच्या तासाला माझी निवड केली ती माझं मनगट बघून, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. खरं कारण ते न शिंकणं असावं.

आणखी एक सांगायला पाहिजे. आप्पांना स्वतःला बॅडमिंटन खेळता येत नव्हतं. रॅकेट ते झाडूसारखी धरायचे. पण पिसांचं फूल नाकाशी धरून हे किती वेळ टिकेल ते सांगायचे आणि ते खरं व्हायचं. पोरांनाही ते असेच हुंगायचे. "घरी जा, तुला ताप यायलाय," म्हणायचे. पोरगं हसत हसत घरी जायचं आणि दुपारी अंथरूण धरायचं. आमच्या आया त्यांना थोड्या भ्यायच्या. मी पण भ्यायची, फक्त ते कबूल करत नव्हते.

आक्का म्हणजे चीनची एक खेळाडू. तिचं नाव आप्पा घेत नसत, कारण ते त्यांना नीट म्हणता येत नव्हतं आणि थोरल्या माणसाचं नाव चुकीचं घेणं त्यांना बरं वाटत नसे. वयानं ती त्यांच्या मुलीसारखी. "खेळानं थोरली हाय न्हवं?" म्हणून आक्का. तिला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते स्टँडजवळच्या एका हॉटेलातल्या टीव्हीवर. लहान मुलींच्या कुठल्याशा स्पर्धेत ती हरली होती. हात मिळवून झाले, समोरची निघून गेली आणि ही पोरगी रिकाम्या कोर्टवर परत येऊन उभी राहिली. हातात फूल नाही, समोर कुणी नाही. हरलेला शेवटचा पॉइंट तिनं पहिल्यापासून खेळून काढला आणि या वेळी बरोबर खेळली. टीव्हीवाल्यांनी मध्येच जाहिरात लावली. आप्पांनी पुढ्यातली भजी तशीच ठेवली आणि उठले. हे मी त्यांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलंय, आणि भजी तशीच ठेवल्याचं सांगायला ते एकदाही विसरले नाहीत.

पुढं ती जिंकत गेली. आधी आशियात, मग इंग्लंडात, मग सगळ्या जगात. बुटकी, डावखुरी, चेहऱ्यावरची रेघ न हलणारी. मध्ये दोन वर्षं अशी आली की पहिल्याच फेरीत घरी जायची, तिच्या देशातल्या लोकांनीही तिचा नाद सोडला होता. त्या काळात आप्पांनी दाढी केली नाही म्हणतात. मग ती परत आली आणि पुन्हा जगज्जेती झाली. हे सगळं आम्हाला पेपरातून कळायच्या आधी सकाळच्या खेळात कळायचं. तिचे दिवस वाईट असले की पलीकडून येणारी फुलं जरा आखूड पडायची.

आता हा सकाळचा खेळ कसा, ते सांगते. मी अलीकडच्या बाजूला रॅकेट घेऊन उभी. पलीकडं कुणी नाही. फूलही नाही. आप्पा खांबाजवळ एका रिकाम्या पोत्यावर बसलेले. मी हवेत सर्व्हिस मारायची, की आप्पा आक्कानं ती कुठं परतवली ते सांगायचे. "डावा मागं!" मी मागं पळायचं, मारायचं. "उजवा पुढं!" पुढं यायचं. "डोक्यावर!" माझा पाय जागेवर पोचला नाही, मनगट उशिरा फिरलं, की आप्पा पॉइंट आक्काला देऊन टाकायचे. गुण ते कानडीत मोजायचे, कारण बाजारात त्यांचं सगळं मोजणं कानडीतच झालेलं. हत्तोंबत्तु म्हणजे एकोणीस, इप्पत्तु म्हणजे वीस आणि इप्पत्तोंदु म्हणजे एकवीस. गेम एकवीसचा. ते इप्पत्तोंदु मी रोज ऐकायची, पण कायम पलीकडच्या बाजूसाठी. आप्पा तिकडं बोट करून म्हणायचे आणि मी घाम पुसायची.

पेल्यातलं पाणी गरम असायचं. चीनची माणसं गार पाणी पीत नाहीत, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. तास संपला की पेल्यातलं पाणी बोटभर खाली गेलेलं दिसायचं. वाफ होऊन जाणारच. मी तसं एकदा म्हटलं, तर आप्पा म्हणाले, "व्हय, वाफ." आणि पेला विसळायला घेऊन गेले.

एकदा मी लबाडी केली. एक फूल मागच्या कोपऱ्यात आलं, माझा पाय वीतभर अलीकडंच राहिला, पण मी पोचल्यासारखं अंग वाकवलं आणि रॅकेट फिरवली. आप्पा पोत्यावरून उठले. मग त्यांनी जाळी सोडली, गुंडाळली आणि आठ दिवस वखार उघडलीच नाही. नवव्या दिवशी मी दारात जाऊन रडले, तेव्हा म्हणाले, "फूल न्हाय, म्होरं माणूस न्हाय. मग ऱ्हायलं काय हितं? खरं बोलणं तेवढं ऱ्हायलं. त्येबी काढून घेतलंस तर मी कशाचा खेळ लावू?" त्यानंतर मी त्या कोर्टवर कधी खोटं खेळले नाही. आप्पांनी तर कधीच खोटा निकाल दिला नाही. आक्का माझ्यापुढं दहा गुणांनी असली तरी तिचा बाहेर गेलेला शॉट ते बाहेरच म्हणायचे.

मी तेरा वर्षांची झाले तेव्हा खरी अडचण आली. बेळगावात मुलींच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी होती. निवड झाली तर शाळा, राहणं, जेवण सगळं तिथं. झाली नाही तर सातवीनंतर मी आईशेजारी सूप घेऊन बसणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. फॉर्मवर शिकवणाऱ्याची सही लागायची. आप्पा सही करेनात.

"आक्काकडनं एक गेम घे," ते म्हणाले. "एकच. ज्या दिवशी तुला इप्पत्तोंदु म्हणंन, त्या दिवशी माझं काम संपलं. मग म्या बी मोकळा, तू बी मोकळी."

मुदत संपायला पंधरा दिवस राहिले, तशी आई सकाळीच वखारीत आली. हाताला बिडीच्या पानांचा वास, डोक्यावर पदर.

"आप्पा, सही का करंनासा तुमी? पोरीचं वय थांबतंय व्हय?"

"आक्काला एकदा हरवू दे तिला."

"कुठली आक्का? दावा मला."

आप्पांनी बोट केलं. आईनं पदर कमरेला खोचला आणि जाळीखालून सरळ पलीकडं गेली. आप्पा पोत्यावरून उठून उभे राहिले. मी तोंडावर हात धरून हसू दाबलं. आई कोर्टच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी.

"हितं? हितं हाय तुमची आक्का? हितं तर कोण न्हा..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. आई पटकन दोन पावलं बाजूला सरकली, बोळात समोरून कुणी आलं की आपण सरकतो तशी, पदर सावरून, अंग चोरून. मग ती जाळीखालून परत आली आणि माझा हात धरून बाहेर पडली. घरी आल्यावर मी विचारलं.

"काय झालं गं आई?"

"काय न्हाय. वाट दिली."

"कुणाला?"

"तिला घाई व्हती," आई म्हणाली आणि सूप पुढं ओढलं. पुढं आयुष्यभर या विषयावर ती बोलली नाही. मी हसत होते त्याची मला नंतर फार लाज वाटली.

त्यानंतरच्या रविवारी मी जन्मात खेळले नव्हते तशी खेळत होते. पाय आपोआप जात होते. हदिनेंटु-हदिनारु, म्हणजे अठरा-सोळा, आक्का पुढं. मी जाळीजवळ फूल अलगद टाकलं, पलीकडच्या खांबाच्या बाजूला, आणि परतीचं फूल कुठं येतंय म्हणून आप्पांकडं कान लावला. आप्पा काही बोलेनात. मी वळून बघितलं तर ते तोंडावर हात धरून पलीकडं बघत होते.

"आक्का पडली," ते म्हणाले. "गुडघा गेला तिचा."

मग त्यांनी खेळ थांबवला, वखारीला कुलूप घालायला निघाले. जाता जाता माझी नजर पलीकडच्या बाजूला गेली. ती बाजू आप्पा खेळ झाल्यावर झाडायचे, त्यामुळं छपरावरची भुकटी तिच्यावर अजून तशीच बसलेली होती. खांबाजवळ त्या भुकटीत हातभर लांब घसरल्याची खूण होती. वखारीत मांजरं होती. मांजर असेल.

त्या दिवशी दुपारी चार वाजता, स्टँडजवळच्या त्याच हॉटेलात, कुणाच्या तरी मोबाईलवर मी आक्काची मॅच बघितली. खरी, चालू असलेली. अठरा-सोळा ती पुढं होती. समोरचीनं जाळीजवळ फूल टाकलं, आक्का झेपावली, घसरली आणि गुडघा धरून पडली. चेहऱ्यावरची रेघ तेव्हाही हलली नाही, फक्त ती उठली नाही. आप्पा माझ्या शेजारीच बसले होते आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत होते.

"आप्पा, बघा की!"

"परत कशाला बघू?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मवर सही केली. "आजून तू जिंकली न्हाईस. पडलेल्या माणसाला हरवलं असं म्हणत न्हाईत. पण ती बरी हुईस्तवर तुझं वय जाईल," म्हणाले. बेळगावच्या चाचणीत समोर ज्या मुली आल्या त्या मला दिसत होत्या, आणि त्यांचं फूलही दिसत होतं. त्यामुळं सगळं फारच सोपं गेलं. मी वसतिगृहात गेले, पुढं शिकले आणि आज बेळगावातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मी फार मोठी खेळाडू झाले नाही. पण आईशेजारचं सूप रिकामं राहिलं, ते त्या सहीमुळं.

आक्का वर्षभरानं एकदा परत खेळली, हरली आणि तिनं खेळ सोडला. मला वाटलं, आता आप्पांचा सकाळचा तास बंद होणार. सुट्टीत गेले तर पेला होता, वाफ होती.

"आप्पा, तिनं खेळ सोडला."

"तिथलं सोडलं. हितलं कुठं सोडलंय? उलट आता गुडघा दुखत न्हाय तिचा."

खरंच दुखत नसावा. त्या सुट्टीत मला सहा गुणसुद्धा मिळाले नाहीत. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, तरी निपाणीला गेले की पहाटे वखारीत जायचीच. माझं वय वाढत होतं, आप्पांचं वाढत होतं, पलीकडून येणाऱ्या फुलांचा वेग मात्र तोच. हरले की आप्पा खुशीत म्हणायचे, "म्हंजे माझं काम आजून शिल्लक हाय." आणि मलाही बरं वाटायचं. कधी कधी मी सोळा-सतरापर्यंत जायची आणि मग माझे पाय जड व्हायचे. लबाडी नव्हती ती. पण पाय जड व्हायचे खरे.

गेल्या वर्षी एका दुपारी बेळगावातल्या एका दवाखान्यातून फोन आला. आप्पांच्या मोबाईलमध्ये पहिला नंबर माझा होता, 'बारकी' नावानं. झटका आला होता, त्यांना निपाणीहून इकडं आणलं होतं. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. ते जायच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट.

हिंडलग्याची एक नर्स होती, भली बाई. म्हणाली, "बोलत न्हाईत मॅडम, वळखतबी न्हाईत कुणाला. पण आकडे म्हणतात कानडीत. डॉक्टर म्हणले, तसं असतंय, बोलणं जातंय पण मोजणं ऱ्हातंय. पोती मोजत असतील."

मी कान जवळ नेला. आप्पांचे डोळे छताकडं होते.

"हन्नोंदु... ऐदु." अकरा-पाच. मग बराच वेळ काही नाही. मग, "हन्नेरडु... ऐदु." बारा-पाच.

पोती कुणी अशी मोजत नाही. पाचवर कोण अडकलंय ते मला कळलं. पलंगाच्या एका बाजूला मी होते. दुसऱ्या बाजूला खिडकी, आणि खिडकी नि पलंग यांच्यामध्ये मोकळी जागा. पलंग जाळीसारखा मधोमध. मी नर्सकडून पेलाभर गरम पाणी मागून घेतलं आणि खिडकीकडच्या बाजूला खाली ठेवलं. मग पर्स ठेवली, चपला काढल्या आणि उभी राहिले. आप्पांचा डावा हात चादरीवर होता. त्याचं एक बोट हललं. डावा मागं.

मी खेळले. साडी नेसून, हातात काही नसताना, आठ खाटांच्या वॉर्डात. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं नातवाला जवळ ओढून घेतलं. नर्सला वाटलं मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेतेय. बोट हलायचं, मी जायची. आप्पांचे डोळे आता छतावर नव्हते, ते फूल जाईल तिकडं जात होते, इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. पाचाचे नऊ झाले, नवाचे चौदा. पाय जड झाले नाहीत. का झाले नाहीत, मला माहीत नाही. खेळताना मी दुसरं काही विसरले होते.

"इप्पत्तु... हत्तोंबत्तु," आप्पा म्हणाले. वीस-एकोणीस. आणि वीस माझे होते.

तेव्हा मला आठवलं. ज्या दिवशी तुला इप्पत्तोंदु म्हणंन, त्या दिवशी माझं काम संपलं.

बोट वर गेलं. डोक्यावर. उंच, सावकाश, मधोमध येणारं फूल, शिकाऊ पोरानंही सोडू नये असं. आक्कानं असं फूल मला जन्मात दिलं नव्हतं. मी हात उचलला. सलाइनची नळी दिसत होती, आप्पांचा गळा दिसत होता, गळ्यातली शीर हलत होती. मला ते जायला नको होते, एवढंच माझ्या मनात होतं. मी मनगट खाली पाडलं आणि फूल मुद्दाम जाळीत मारलं. ते पलंगावर पडलं, त्यांच्या पोटाजवळ, चादरीच्या घडीत.

आप्पांनी डोळे तिथं नेले. बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, आणि ओळखून बघितलं. मी मान खाली घातली. आता वीस-वीस म्हणतील, खेळ लांबेल, दोन गुणांचं अंतर पडेपर्यंत चालू राहील, मी रोज शाळा सुटली की येईन, असा सगळा हिशेब मी तेवढ्यात करून टाकला होता.

आप्पांनी डावा हात सरकवला आणि चादरीच्या त्या घडीवर तळवा झाकून ठेवला. मग माझ्याकडं बोट केलं.

"इप्पत्तोंदु," ते म्हणाले.

खिडकीकडच्या बाजूनं कुणी हरकत घेतली नाही.